पर्याय सांगा, मग सही मागा

प्रोस्टेटच्या कॅन्सरचा बायोप्सी रिपोर्ट आला की आपल्याकडे पेशंटच्या वाट्याला येणारं बोलणं एका वाक्यात संपतं : ‘सोमवारी अ‍ॅडमिट व्हा, मंगळवारी करून टाकू.’ काय करून टाकणार, त्याऐवजी दुसरं काय करता आलं असतं, काहीच न करता थांबलं तर काय होईल, केल्यावर पुढे काय सोसावं लागेल, यातलं काही सांगितलं जात नाही. विचारलं तर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असा उलटा प्रश्न येतो. माणसाच्या शरीराचा आणि संसाराचा निर्णय त्याच्या हातातून असा काढून घेणं ही लुबाडणूक आहे. ती करणाऱ्यांत फक्त डॉक्टर नाहीत. घरचे आहेत, आणि या विषयावर तोंड उघडायला लाजणारे आपण पुरुषही आहोत.

मी डॉक्टर नाही. गावाकडून मुंबई-पुण्याला उपचाराला येणाऱ्यांच्या फायली वाचून देणं, ओपीडीच्या रांगेत त्यांच्याबरोबर थांबणं, आत डॉक्टर जे बोलले ते बाहेर आल्यावर पुन्हा समजावून सांगणं, एवढंच काम मी करतो. फायली जाडजूड असतात. सोनोग्राफी असते, एमआरआय असतो, बायोप्सी असते, संमतीपत्रावर सही असते. आणि सही करणाऱ्याला आपला कॅन्सर कोणत्या प्रकारचा आहे हे ठाऊक नसतं. हा आजार आता दुर्मीळ राहिलेला नाही. कॅन्सर नोंदणीच्या आकडेवारीत दिल्ली, कोलकाता, तिरुवनंतपुरम यांच्याबरोबर आपल्या पुण्यातही पुरुषांच्या कॅन्सरमध्ये प्रोस्टेट दुसऱ्या क्रमांकावर नोंदला गेला आहे. तरीही त्याच्याबद्दल साधं बोलणं आपल्या घरांत नाही आणि दवाखान्यांतही नाही.

म्हणून आधी साधं बोलू. प्रोस्टेट म्हणजे मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाला वेढून बसलेली अक्रोडाएवढी ग्रंथी. वय वाढतं तशी ती वाढते आणि बहुतेकांची ही वाढ साधी असते. रात्री चार वेळा उठावं लागतं म्हणजे कॅन्सर झाला असं नव्हे, आणि लघवी मोकळी होते म्हणजे कॅन्सर नाही असंही नव्हे, कारण सुरुवातीच्या कॅन्सरला बहुधा लक्षणच नसतं. या साध्या वाढीसाठी दुर्बिणीचं ऑपरेशन झालेले कितीतरी लोक छातीठोकपणे सांगतात, ‘माझं प्रोस्टेट काढलंय, मला आता भीती नाही.’ त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं की त्या ऑपरेशनमध्ये ग्रंथीचा आतला, मार्ग अडवणारा भाग खरवडून काढतात. बाहेरचा भाग तसाच राहतो, आणि बहुतेक कॅन्सर त्याच भागात उगवतो. खरवडून काढलेले तुकडे तपासायला पाठवले का, आणि त्याचा रिपोर्ट कुठे आहे, हे प्रत्येकाने विचारलं पाहिजे. मी पाहिलेल्या फायलींपैकी काहींमध्ये तो कागदच नव्हता.

मग येतो पीएसए. पॅकेजमध्ये ही रक्ततपासणी टाकून आरोग्य शिबिरं भरवली जातात, आकडा चारच्या वर गेला की माणसाची झोप उडते, आणि शिबिर भरवणारे तोवर पुढच्या गावाला गेलेले असतात. पीएसए कॅन्सरचं माप नाही. साध्या वाढीने तो वाढतो, लघवीच्या जंतुसंसर्गाने वाढतो, नुकत्याच घातलेल्या कॅथेटरनेही वाढतो. उलट, प्रोस्टेटसाठी ड्युटास्टेराइड किंवा फिनास्टेराइडची गोळी काही महिने चालू असेल तर तो जवळजवळ निम्मा होतो. अशा माणसाचा तीन हा आकडा खरा सहाच्या जवळ असतो. तुम्ही कोणती गोळी घेता हे न विचारता ‘नॉर्मल’ असा शिक्का मारणारी तपासणी निष्काळजी आहे. रिचर्ड अ‍ॅब्लिन यांनी प्रोस्टेटमधल्या प्रतिजनावर १९७० मध्ये संशोधन केलं. त्यांनीच २०१० मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये लेख लिहून, सरसकट सगळ्या पुरुषांची पीएसए तपासणी करणं ही मोठी चूक आहे असं सांगितलं. मी पीएसएच्या विरोधात नाही. ज्यांच्या वडिलांना किंवा भावाला हा आजार झाला आहे त्यांनी तपासणीबद्दल डॉक्टरांशी बोललंच पाहिजे. पण आकडा वाढला तर पुढे काय, हे रक्त काढण्याआधी सांगायला हवं.

आकडा वाढलेला राहिला तर पुढची पायरी एमआरआय आणि मग बायोप्सी. ‘सुई लावली की कॅन्सर पसरतो’ ही भीती गावोगाव पसरली आहे आणि तिच्यापायी लोक वर्ष-वर्ष घालवतात. ती भीती निराधार आहे. बायोप्सीशिवाय या आजाराचा स्वभाव कळत नाही, आणि उपचारांचे पर्याय त्या स्वभावावरच ठरतात. अमेरिकेत मिनिआपोलिस इथे काम करणाऱ्या डोनाल्ड ग्लीसन या पॅथॉलॉजिस्टने १९६६ मध्ये सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची मांडणी किती बिघडली आहे त्यावरून गुण द्यायची पद्धत मांडली. तुमच्या रिपोर्टवर ३+३, ३+४, ४+३ असं जे लिहिलेलं असतं ते हेच. ३+३ म्हणजे सहा, हा सर्वांत सौम्य प्रकार. आठ, नऊ, दहा हे आक्रमक. ३+४ आणि ४+३ या दोन्हींची बेरीज सातच होते, पण दुसरा पहिल्यापेक्षा वाईट, कारण त्यात बिघडलेल्या पेशींचा वाटा मोठा. हे समजावायला पाच मिनिटं लागतात. ती पाच मिनिटं न देता पेशंटला ‘कॅन्सर आहे’ एवढंच सांगायचं आणि त्या घाबरलेल्या अवस्थेत सही घ्यायची, हा प्रकार थांबला पाहिजे.

कारण घाईचं कारणच बहुतेक वेळा नसतं. ब्रिटनमध्ये १९९९ ते २००९ या काळात ५० ते ६९ वयाच्या ८२ हजारांहून अधिक पुरुषांची पीएसए तपासणी झाली. ज्यांचा कॅन्सर ग्रंथीपुरता मर्यादित होता अशांपैकी १,६४३ जणांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन गटांत वाटलं गेलं : एका गटावर लक्ष ठेवायचं, दुसऱ्याचं ऑपरेशन, तिसऱ्याला रेडिएशन. ऑक्सफर्डचे फ्रेडी हॅम्डी आणि ब्रिस्टलच्या जेनी डोनोव्हन यांनी चालवलेला हा प्रोटेक्ट नावाचा अभ्यास. त्याचे पंधरा वर्षांचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रोस्टेटच्या कॅन्सरने दगावलेल्यांचं प्रमाण लक्ष ठेवलेल्या गटात ३.१ टक्के, ऑपरेशनच्या गटात २.२ टक्के, रेडिएशनच्या गटात २.९ टक्के. हा फरक इतका लहान आहे की तो योगायोगाचाही असू शकतो. कोणताही मार्ग धरला तरी शंभरातले सत्त्याण्णव पंधरा वर्षांनंतर या आजाराने गेलेले नव्हते.

या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगतो, कारण अर्धं सांगणाऱ्यांवरच माझा राग आहे. लक्ष ठेवलेल्या गटात कॅन्सर शरीरात इतरत्र पसरण्याचं प्रमाण ९.४ टक्के होतं, उरलेल्या दोन गटांत पाच टक्क्यांच्या आसपास. त्या गटातल्या साधारण साठ टक्के लोकांनी पुढे कधीतरी ऑपरेशन किंवा रेडिएशन घेतलंच. पण जवळजवळ चौथा हिस्सा पंधरा वर्षांनंतर कोणताही उपचार न घेता जिवंत होता. या लोकांनी काय वाचवलं ते आकड्यांतच पाहा. ऑपरेशननंतर सहा महिन्यांनी ४६ टक्के पुरुषांना लघवी गळत असल्यामुळे पॅड वापरावा लागत होता. सहा वर्षांनीही १७ टक्क्यांना लागत होता. शरीरसंबंधाला पुरेशी ताठरता सहा महिन्यांनी ऑपरेशनच्या गटात फक्त १२ टक्क्यांना उरली होती, रेडिएशनच्या गटात २२ टक्क्यांना, लक्ष ठेवलेल्या गटात ५२ टक्क्यांना. रेडिएशनच्या गटाला शौचाचे त्रास जास्त झाले, काहींना शौचातून रक्त गेलं. हे सगळं सांगितल्यावरही एखादा म्हणेल, ‘मला ही गाठ शरीरात नको, काढून टाका.’ त्याचा तो हक्क आहे. दुसरा म्हणेल, ‘मी दर सहा महिन्यांनी पीएसए करीन, पुन्हा बायोप्सी करीन, पण आज कापू देणार नाही.’ तोही त्याचा हक्क आहे. हे आकडे ठाऊक असलेला डॉक्टर ते सांगत नाही तेव्हा तो पेशंटचा हा हक्क स्वतः वापरत असतो.

लक्ष ठेवणं म्हणजे हात टेकणं नव्हे. टोरोंटोचे लॉरेन्स क्लोट्झ यांनी १९९५ पासून सौम्य कॅन्सर असलेल्या पेशंटना याच पद्धतीने सांभाळलं. ठरावीक काळाने पीएसए, एमआरआय, पुन्हा बायोप्सी, आणि आजाराने रंग बदलला की लगेच उपचार. आज अमेरिका-युरोपातल्या मार्गदर्शक सूचनांत सौम्य प्रकारासाठी हा मार्ग पहिल्या पसंतीचा आहे. मी ज्यांच्या फायली वाचतो त्या सौम्य प्रकारच्या पेशंटपैकी जवळजवळ कुणालाच तो सुचवलेला नसतो. त्याचं कारण उघड आहे. लक्ष ठेवण्याचं बिल होत नाही.

ज्या दारातून तुम्ही आत जाता तोच तुमचा उपचार ठरतो. यूरोसर्जनकडे गेलात की ऑपरेशन, रेडिएशनच्या डॉक्टरांकडे गेलात की रेडिएशन. दोघांना एकमेकांचा फोन नंबर ठाऊक असतो, पण पेशंटला मात्र पलीकडच्या दाराची चिठ्ठी मिळत नाही. त्यात आता रोबोट आला. मोठ्या रुग्णालयांच्या होर्डिंगवर तो आहे, वर्तमानपत्रांच्या पानभर जाहिरातींत आहे, आणि खर्चाच्या अंदाजपत्रकात काही लाखांनी जास्त आहे. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या सरकारी रुग्णालयात ३२६ पुरुषांना दोन गटांत वाटून उघडं ऑपरेशन आणि रोबोटचं ऑपरेशन यांची तुलना झाली. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं आणि रुग्णालयातला मुक्काम कमी झाला. पण लघवीवरचा ताबा आणि लैंगिक क्षमता दोन वर्षांनंतरही दोन्हींकडे सारखीच होती. सर्जनचा हात किती तयार आहे यावर जास्त अवलंबून असतं. तेव्हा ‘रोबोट आहे, काही त्रास होणार नाही’ असं सांगणारा माणूस खोटं बोलतो आहे. त्या खोट्यापायी जमीन गहाण टाकणारी घरं मी पाहिली आहेत. ऑपरेशन करणाऱ्याला एकच प्रश्न विचारा : तुम्ही स्वतः अशी किती ऑपरेशनं केलीत, आणि वर्षभरानंतर त्यांतल्या किती जणांना पॅड लागतो? उत्तर टाळलं तर उठून बाहेर या.

रेडिएशनबद्दलही असंच अर्धवट सांगितलं जातं. पूर्वी सात-साडेसात आठवडे, आठवड्याचे पाच दिवस जावं लागे. जळगाव किंवा नांदेडहून आलेल्या माणसाला एवढे दिवस मुंबईत काढणं काय असतं ते परळच्या फुटपाथवर जाऊन पाहा, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागेसाठी थांबलेल्यांना विचारा. ब्रिटनमध्ये २०१६ साली सिद्ध झालं की ३७ ऐवजी २० वेळा रेडिएशन देऊनही परिणाम कमी पडत नाही. २०२४ मध्ये, निवडक कमी आणि मध्यम धोक्याच्या पेशंटमध्ये, अवघ्या ५ वेळाही ते पुरतं असं दिसलं. अशा रेडिएशनसाठी लागणारी यंत्रं आणि त्यांत तयार झालेले डॉक्टर आपल्याकडेही आहेत. मग ज्याला ते लागू पडतं त्याला पर्याय म्हणून ते सांगितलं का जात नाही? आणि ज्यांचा कॅन्सर जास्त धोक्याचा आहे त्यांच्याबद्दलचा मोलाचा अभ्यास तर आपल्याच परळच्या टाटा मेमोरियलमध्ये झाला. वेदांग मूर्ती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २२४ पेशंटवर केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात फक्त प्रोस्टेटला रेडिएशन दिलेल्यांपैकी ८१.२ टक्के लोकांचा पीएसए पाच वर्षं पुन्हा वर गेला नाही. ओटीपोटातल्या लसीकाग्रंथींनाही रेडिएशन दिलेल्यांत हे प्रमाण ९५ टक्के होतं. आपल्या माणसांवर झालेलं हे ज्ञान आपल्या माणसांपर्यंत पोहोचत नसेल तर त्याचा दोष अडाणी पेशंटवर टाकता येणार नाही.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. लक्ष ठेवण्याचा मार्ग सौम्य आजारासाठी आहे, किंवा वय आणि हृदयविकार यांमुळे ज्यांना हा कॅन्सर कधी गाठणारच नाही अशांसाठी आहे. ग्लीसन आठ-नऊ असताना, पीएसए वीसच्या वर असताना घरी बसून काढे पिणारा माणूस पर्याय निवडत नसतो, तो बरं होण्याची संधी घालवत असतो. हमखास बरा करतो म्हणून पुड्या आणि बाटल्या विकणाऱ्यांना मी गुन्हेगार समजतो. त्यांच्याकडे महिने घालवून हाडांत आजार घेऊन आलेली माणसं मी पाहिली आहेत.

आपल्याकडे पुष्कळांचा आजार पसरल्यावरच कळतो. कंबर दुखते म्हणून पट्टा बांधला जातो, मालिश होते, पेनकिलर चालू राहते, आणि एक दिवस पाय जड पडतात. सत्तरीच्या पुरुषाची कंबर आठवडेच्या आठवडे, रात्री झोपेतही दुखत असेल, तर पीएसए करायला हवा. आणि पायातली शक्ती कमी झाली, लघवी-शौचावरचा ताबा गेला तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठायला हवं. मणक्यातली गाठ मज्जारज्जू दाबत असते, आणि त्या वेळी गेलेले तास परत मिळत नाहीत. या आजारात खरी घाई इथे असते.

पसरलेल्या आजारात पुरुषी संप्रेरक थांबवणं हा उपचाराचा पाया. शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं की वृषणं काढली की हा कॅन्सर मागे हटतो. त्या कामासाठी त्यांना १९६६ मध्ये नोबेल मिळालं. ते ऑपरेशन आजही उत्तम काम करतं. स्वस्त आहे, एकदाच होतं, संप्रेरक एका दिवसात खाली येतं. दुसरा मार्ग महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या इंजेक्शनांचा. त्याचा खर्च चालू राहतो, पण शरीर शाबूत राहतं आणि इंजेक्शन थांबवता येतं. दोन्ही योग्य आहेत. अयोग्य आहे ते पेशंटला काय काढणार हे न सांगता ‘खालचं एक छोटं ऑपरेशन’ म्हणून टेबलावर घेणं. असं झालेला एक निवृत्त माणूस मला ड्रेसिंगच्या दिवशी भेटला. पट्टी सोडल्यावर त्याला कळलं होतं. त्याच्या मुलाला आधीच सांगितलेलं होतं. तितकंच अयोग्य आहे ते हातावर पोट असलेल्या घराला स्वस्त पर्यायाचा उल्लेख न करता इंजेक्शनांवर ठेवणं. पैसे संपले की ती इंजेक्शनं थांबतात आणि आजार पुन्हा उसळतो.

त्यापुढचंही सांगितलं जात नाही. फक्त संप्रेरक थांबवण्यापेक्षा सुरुवातीपासूनच त्याच्या जोडीला अ‍ॅबिरेटरोनसारखी गोळी दिली तर आयुष्य वाढतं, हे २०१७ मध्ये ब्रिटनच्या स्टॅम्पीड अभ्यासात दिसलं. मृत्यूचा धोका त्यात सुमारे ३७ टक्क्यांनी कमी झाला. ही गोळी आता भारतात जेनेरिक मिळते. तिचा नेहमीचा डोस रिकाम्या पोटी १००० मिलिग्रॅम. कमी तेलाच्या नाश्त्याबरोबर २५० मिलिग्रॅम घेऊनही पीएसए तसाच उतरतो असं २०१८ च्या एका छोट्या अभ्यासात आढळलं. खर्च पाव होतो. डोस आपल्या मनाने कधीही बदलू नये, पण ज्याला पूर्ण डोस परवडत नाही त्याने डॉक्टरांना याबद्दल विचारावं, आणि डॉक्टरांनी विचारण्याची वाट पाहू नये. हाडांत मोजक्या जागीच पसरलेल्या आजारात प्रोस्टेटला रेडिएशन दिल्याने आयुष्य वाढतं हेही २०१८ मध्ये स्टॅम्पीडनेच दाखवलं. पुढच्या टप्प्यासाठी ल्युटेशियम-१७७ चा उपचार आहे आणि ते ल्युटेशियम आपल्या तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या ध्रुव अणुभट्टीत तयार होतं. तेव्हा ‘आता काही करण्यासारखं नाही, घरी न्या’ हे वाक्य उच्चारण्याआधी यातलं काय काय करून पाहिलं, ते कागदावर लिहून द्या. संप्रेरक थांबवल्यावर हाडं ठिसूळ होतात, अंगाची आग होते, स्नायू उतरतात, साखर वाढते, मन खचतं. त्यासाठी कॅल्शियम, व्यायाम, हाडांची तपासणी लागते. तीही कुणी सांगत नाही.

आता घरच्यांकडे वळतो. ‘आबांना सांगू नका, ते खचतील.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता मी त्यावर गप्प बसत नाही. ज्या आबांनी दुष्काळात घर चालवलं, बहिणींची लग्नं केली, भावकीचे खटले निस्तरले, ते आपल्या शरीरात काय आहे हे ऐकून मोडून पडतील असं तुम्ही कशावरून ठरवलं? त्यांना कळतच असतं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला बोलावलं की कळतं, सुनेचा आवाज बदलला की कळतं. फक्त विचारायची वाट बंद झालेली असते. मुलाच्या सहीवर बापाचं शरीर कापणं हे प्रेम नव्हे. आणि त्यांच्या बायकोला तर कुणी मोजतच नाही. ज्या उपचाराने दोघांचं सहजीवन बदलणार आहे, गळणाऱ्या लघवीचे कपडे जिला धुवावे लागणार आहेत, तिला बाहेरच्या बाकावर बसवून आत निर्णय होतो. तिला खोलीत बोलवा. तिच्यासमोर बोला.

आणि आपण पुरुष. लघवीबद्दल बोलायची लाज, ताठरतेबद्दल बोलायची त्याहून मोठी. डॉक्टरांनी ‘आणखी काही?’ विचारलं की मान हलवून उठायचं. साठ-सत्तरीच्या माणसाला शरीरसुखाशी काय करायचंय, असं डॉक्टर गृहीत धरतो आणि आपण ते मुकाट्याने मान्य करतो. या लाजेचा फायदा फक्त घाईने सही घेणाऱ्याला होतो. मुलीलाही सांगा. काही घराण्यांत बीआरसीए-२ या जनुकातला दोष प्रोस्टेटचा कॅन्सर आणतो आणि तोच दोष मुलीला स्तनाचा, बीजकोशाचा कॅन्सर देऊ शकतो. बापाने आजार लपवला तर मुलीची तपासणी चुकते.

डॉक्टर म्हणतील, सकाळपासून शंभर पेशंट आहेत, कधी समजावू? सरकारी रुग्णालयातली ही अडचण खरी आहे, आणि तिथे राबणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण तीन पर्याय, त्यांचे फायदे-तोटे आणि आकडे मराठीत छापलेला एक कागद द्यायला किती वेळ लागतो? कॉर्पोरेट रुग्णालयांनी तर वेळेचं नाव काढू नये. पॅकेजचा हिशेब समजावायला तिथे वातानुकूलित खोलीत खुर्ची टाकून माणूस बसवलेला असतो. ‘पेशंटला कळत नाही’ हा दुसरा युक्तिवाद. ज्या शेतकऱ्याला कांद्याच्या भावाचं, पीकविम्याच्या अटींचं आणि सातबाऱ्यावरच्या फेरफाराचं गणित कळतं, त्याला शंभरातल्या सतरा जणांना पॅड लागतो हे कळत नाही, असं म्हणणं हा त्याचा अपमान आहे.

शिवाय हा सौजन्याचा प्रश्न नाही, कायद्याचा आहे. समीरा कोहली खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये स्पष्ट केलं की उपचाराचं स्वरूप, उपलब्ध पर्याय, महत्त्वाचे धोके आणि उपचार नाकारल्यास काय होईल, हे सांगून घेतलेली संमतीच खरी. सज्ञान, शुद्धीवरच्या पेशंटची संमती त्याचीच लागते. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेत दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा हक्क नोंदलेला आहे. मागितल्यापासून ७२ तासांत कागदपत्रं देणं वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनी डॉक्टरवर बंधनकारक केलं आहे. पैशाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारा, आणि उत्तर मिळेपर्यंत तिथून हलू नका.

वाचणाऱ्याच्या घरात हा रिपोर्ट आलेला असेल तर एवढं करा. ग्लीसनचा गुण, पीएसए आणि आजार कुठवर गेला आहे, या तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या. पायातली शक्ती गेलेली नसेल आणि लघवी तुंबलेली नसेल, तर दुसरं मत घेण्याएवढे दिवस तुमच्याकडे आहेत. फायलीची झेरॉक्स काढा. सर्जनने ऑपरेशन सांगितलं असेल तर रेडिएशनच्या डॉक्टरांना दाखवा, रेडिएशन सांगितलं असेल तर सर्जनला दाखवा, जमेल तर टाटामध्ये दाखवा. जाताना पेशंटला आणि त्याच्या बायकोला बरोबर न्या. दोन्ही डॉक्टरांना विचारा : थांबलो तर काय होईल, केलं तर काय सोसावं लागेल, आणि माझ्यासारख्या शंभरांत किती जणांना? या प्रश्नांची उत्तरं पेशंटला स्वतःच्या कानांनी ऐकायला मिळेपर्यंत संमतीपत्रावर सही करू नका.